आधी कुंकू, मग लॅमिनेशन

आमच्या घरात महत्त्वाचा कागद आला की तो आधी लॅमिनेट व्हायचा, मग वाचला जायचा. हा आमच्या ह्यांचा नेम. दुबईत आल्यापासून लग्नाच्या दाखल्यापासून डिग्रीपर्यंत प्रत्येक कागदावर ह्यांनी इतके शिक्के मारून घेतले होते, की नुसता कागद ह्यांना उघडानागडा वाटायचा. करामा भागातल्या लॅमिनेशनवाल्याला आमच्या सगळ्यांच्या जन्मतारखा पाठ होत्या.

मुलगी अमेरिकेत कॉलेजला निघाली, त्या वर्षीची ही गोष्ट. तिच्या शाळेत बारावीलाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे विषय घेता यायचे. परीक्षेत पाचपैकी चार-पाच गुण मिळाले, तर ते विषय झाले असं धरून कॉलेज क्रेडिट देणार. तिने असे चार विषय घेतले होते. जेवताना तिने हे सगळं मला इंग्रजीतून समजावलं. मी एवढंच विचारलं, "म्हणजे किती महिने कमी?"

"वन सेमिस्टर, आई."

सहा महिने! एकुलती एक पोर इतकी लांब चाललेली; ती सहा महिने आधी परत येणार म्हटल्यावर मला तिचं ते कॅल्क्युलससुद्धा गोड वाटायला लागलं.

जुलैत निकाल लागला. चारही विषयांत उत्तम. शाळेने गुणांचा कागद जाड पाकिटात घालून, पाकिटाच्या तोंडावर सही-शिक्का करून दिला. तो तसाच कॉलेजात न्यायचा होता. पोरगी पाकीट टेबलावर ठेवून मैत्रिणीकडे गेली. संध्याकाळी परत येते तर कागद देवापुढे, चकचकीत, कोपऱ्यावर हळदकुंकू.

"बाबा, यू ओपन्ड इट?"

"मग? प्रवासात भिजला असता तर?"

"इट हॅड टू बी सील्ड!"

"अगं, ह्याहून सील्ड काय असतं?" ह्यांनी कागद टेबलावर वाजवून दाखवला.

पोरीने कॉलेजला विचारलं, तर ई-मेलवर उत्तर आलं: उघडलेलं पाकीट चालणार नाही. नवा कागद शाळेकडून थेट आणि नावनोंदणीच्या आधी यायला हवा, नाहीतर सगळे विषय पहिल्यापासून. शाळेला तर सुट्टी लागलेली. माझे सहा महिने गेले म्हणून मी सरळ रडले. रडून झाल्यावर ह्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. कुंकू आपणच लावलं होतं, हे मात्र मी सोयीस्करपणे विसरले.

हे रोज ऑफिसच्या आधी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहू लागले. चौथ्या दिवशी मीही बरोबर गेले, आणि शाळेच्या ऑफिसातल्या केरळी बाई सापडल्या. ह्यांनी लगेच फाइल उघडली: पासपोर्ट, फोटो, जन्मदाखला.

"मॅडम, अटेस्टेशन कहाँ से करवाऊँ?"

"कहीं से नहीं. मैं यहीं से कुरियर करूँगी. आप प्लीज कुछ मत कीजिए."

"कुछ भी नहीं?"

"कुछ भी नहीं. खलास."

काहीच न करणं ह्यांना किती जड गेलं! आठवडाभर धड जेवले नाहीत. मग कॉलेजची ई-मेल आली, चारही विषयांचं क्रेडिट मिळालं. ह्यांनी किलोभर जिलबी आणली, त्यातली पाव किलो लॅमिनेशनवाल्याला दिली. मी ह्यांच्याशी परत बोलायला लागले.

साडेतीन वर्षांनी, डिसेंबरात, पोरगी घरी आली. बाकीच्यांची मुलं अजून परीक्षांना बसायची होती आणि माझी स्वयंपाकघरात ओट्यावर बसून माझ्या भाजीला नावं ठेवत होती. मला आनंदाने काही सुचेना.

दोन महिन्यांनी तिची डिग्री ह्यांच्या ऑफिसच्या पोस्टबॉक्सवर आली. पाकीट दोन्ही हातांत धरून हे घरी आले, टेबलावर ठेवलं आणि चार पावलं मागे सरकले.

"फोडा की," मी म्हटलं.

"नको बाई. तिचं आहे ते."

पोरगी उठली. ड्रॉवरमधून कात्री काढून तिने ह्यांच्या हातात दिली आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्हीच फोडा. लॅमिनेशनवाल्या अंकलना फोन केलाय मी. दुकान उघडं ठेवून बसलेत."

ह्यांनी कात्री दोनदा लावली आणि दोनदा मागे घेतली. शेवटी दोघांनी मिळून फोडलं.

"थांबा," मी म्हटलं आणि देवघरातून करंडा आणला. ह्या वेळी कुंकू मी लॅमिनेशनच्या आधी लावलं. ते अजून तिथेच आहे, तिच्या नावाच्या शेजारी.