सॉनातला हिरवा दिवा

आमच्या घरात सॉना, म्हणजे घाम काढायची तापती खोली, आहे असं पनवेलमध्ये कुणाला सांगितलं की माणसं आधी हसतात. मीही हसले होते. नवरा बांधकामाची कंत्राटं घेतो. कामोठ्यातल्या एका जिमवाल्यानं लाकडी केबिन मागवली आणि ऐनवेळी नको म्हणाला, ती ह्यानं उचलून आमच्या गच्चीवरच्या खोलीत आणून बसवली. सासरे म्हणाले, जन्मभर मिठागरात घाम गाळला, आता घाम गाळायला पोरानं खोली आणली. पण एकदा बसले आणि गुडघे मोकळे झाले. तिथून पुढे रोज संध्याकाळी टॉवेल खांद्यावर टाकून स्वारी गच्चीवर.

बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, ब्लडप्रेशरची गोळी चालू होती. फार तापू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. केबिनमध्ये तापमानाचा आकडा दिसायचा, पण चष्म्याची दांडी तापून कानाला चटके बसत, आणि चष्मा काढला की बाबांना आकडा दिसत नसे. मग मी म्हटलं, मी दिवे करते. मी तळोज्याच्या एका कारखान्यात यंत्रांची कंट्रोल पॅनेल बनवते. खरं सांगायचं तर मी तिथं दिवसभर काय करते हे घरात कुणालाच धड माहीत नव्हतं, आणि एकदाचं दाखवून द्यायची खुमखुमीही होती.

फळ्यांच्या खाली, जिथं उष्णता कमी, तिथं एलईडीची पट्टी लावली. केबिनच्या बाहेर डबीत दिव्याचा रंग बदलणारा छोटा मायक्रोकंट्रोलर, आत तापमान मोजणारा सेन्सर, मधे उष्णता सोसणारी वायर. सगळं ठीक असेल तर हिरवा उजेड, तापायला लागलं की पिवळा, हद्द झाली की लाल. बाबांना म्हटलं, "हिरवा आहे तोवर बिनधास्त बसा. लाल झाला की उठायचं." त्यांनी मान डोलावली आणि गावभर सांगत सुटले की सुनेनं दिवा केलाय, तो डॉक्टरपेक्षा हुशार आहे. मी काय फुशारले होते तेव्हा.

केबिनमध्ये दोन फळ्या आहेत, पायरीसारख्या. वरची बाबांची. आमच्याकडे सासरे खाटेवर बसले की सून खाली बसते. कुणी सांगत नाही, जबरदस्ती तर नाहीच, पण आपण बसतो. दिवे जुळवताना किती तापल्यावर अंगाला नकोसं होतं हे मी स्वतः आत बसून बघत होते. घरात कुणी नव्हतं, केबिन रिकामी होती, तरी मी वरच्या फळीवर चढले नाही. तिथं बाबांचा टॉवेल घडी करून ठेवलेला होता. मी मुकाट्यानं खाली बसले, माझ्याच खांद्याजवळ सेन्सर बसवला आणि माझ्या अंगाला सोसेल त्या हिशेबानं, किती तापल्यावर कुठला रंग, ते आकडे भरले. गरम हवा वर चढते हे काय मला माहीत नव्हतं? पॅनेलमधला गरम वारा बाहेर टाकणारा पंखा मी डोळे झाकून वरच्या बाजूला बसवते. त्या दिवशी मात्र मला ते सुचलंसुद्धा नाही.

एका रविवारी नवरा बाबांना चहाला बोलवायला वर गेला आणि तिथूनच ओरडला. मी धावत गेले. बाबा वरच्या फळीवरून घसरून खालच्या फळीवर पडले होते. कपाळातून रक्त येत होतं, डोळे अर्धवट मिटलेले. आणि माझा दिवा हिरवागार. तो उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता.

दवाखान्यात टाके घातले, सलाईन लावलं. इतका वेळ का बसू दिलंत, असं डॉक्टरांनी विचारलं. नवरा म्हणाला, हट्टी आहेत, कुणाचं ऐकत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, ती खोलीच तोडून टाका. बाबा तोवर शुद्धीवर आले होते. ते डॉक्टरांना म्हणाले, "दिवा हिरवा व्हता. मंग मी बसलो." त्यात तक्रार नव्हती, विचारलं त्याचं उत्तर होतं. मला तिथं उभं राहवेना. बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले.

रडून झाल्यावर आत येऊन सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी आहे. नवरा म्हणाला, मनाला लावून घेऊ नकोस. सासूबाई म्हणाल्या, मशीनचं काय खरं असतं, तू काय करणार. माझं डोकंच फिरलं. अरे, एक म्हातारा माणूस माझ्या भरवशावर बसला होता, आणि मला धड कुणी बोलही लावेना. मग बाबांच्या उशाशी बसून नीट सांगितलं. सेन्सर खाली लावला, वर तुमच्या डोक्याशी किती तापतं ते बघितलंच नाही.

"मंग वर बसून बगायचं व्हतं ना गो," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "तुमची जागा आहे ना ती."

ते चादरीचं टोक चाचपत राहिले. आता त्यांनाही स्वतःचंच काही चुकलं असं वाटू लागलं होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर मी सेन्सर काढून वर नेला आणि पहिल्यांदा वरच्या फळीवर बसले. थोड्याच वेळात कानाच्या पाळ्या पोळल्या, श्वास आत घ्यायची भीती वाटायला लागली. एवढ्या उष्णतेत बाबा रोज बसत होते. जास्त होतंय असं एका शब्दानं म्हणाले नाहीत, कारण सुनेचा दिवा ठीक म्हणत होता. सगळे आकडे मी नव्यानं भरले, पुन्हा पुन्हा तपासले.

डॉक्टरांनी थोडा वेळ बसायची परवानगी दिली तेव्हा बाबा परत आत गेले. मी काचेच्या दाराबाहेर उभी होते. हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल झाला, अगदी व्हायला हवा तिथंच. बाबा उठले नाहीत. मी दार उघडलं. त्यांनी वाकून दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्यो लाल खरा हाय ना गो, का आजून बसू?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच विचारायचं होतं. मी म्हटलं, खरा आहे, आणि हात दिला, ते उतरले. दिवा आता चोख चालतो. बाबा आत असले की मी दाराशी उभी असते, आणि ते दिव्याकडे बघतच नाहीत. माझ्याकडे बघत बसतात, मी उठा म्हणेपर्यंत.