आटलेली टोपी

कोल्हारला आमच्या शेजारच्या काकू पाचशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या लोकरी टोप्या, जुनी चित्रं बघून, हुबेहूब विणतात. विणताना काही विचारलं, तर सुईवरची ओळ संपल्यावरच बोलतात. पाटीएवढी टोपी बघून मी विचारलं, "काकू, म्हशीला का?"

ओळ संपली. "न्हाई, तुझ्याच मापाची हाय."

परवा काकू बाजारात गेल्या आणि माझा चहा नेमका त्या टोपीवर सांडला. घाबरून मी ती कढत पाण्यात खसाखसा चोळली. पावसाळाभराचं काम आटून निम्मं झालं, टाकेसुद्धा दिसेनात!

काकू आल्या. हातात सुया नसूनही ओळभर गप्प राहिल्या.

"त्या काळी मोठी विणून मुद्दाम अशीच आटवायचे. मलाच धीर हुईना."

माझा जीव भांड्यात पडला. टोपी माझ्या डोक्यावर बसवून त्यांनी दुसरी पाटीएवढी टोपी पुढं केली आणि विचारलं,

"चहा टाकू?"