टोपलीतले मेल

"झालं. टोपलीत."

आलेल्या मेलचं काम उरकलं, किंवा स्वतः एखादा मेल पाठवून झाला, की गोडाऊनचे इन्चार्ज काका एक बोट उचलून डिलीटचं बटण दाबायचे आणि हे दोन शब्द म्हणायचे. बोट इतक्या जोरात पडायचं की टेबलावरचा कटिंग चहा हलायचा. भिवंडीच्या कापड गोडाऊनांतून फिरला असाल, तर असे इन्चार्ज तुम्हीही पाहिले असतील. कोणत्या गाळ्यात कोणत्या पार्टीच्या किती गाठी पडल्यात, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. कॉम्प्युटर मात्र त्यांच्यापुढे कोणीतरी आणून ठेवलेला असतो.

मी त्यांना काका म्हणायची, ते मला बाय म्हणायचे. खाडीकाठच्या गावातले आगरी, पण घर कामतघरला. माझं कॉम्प्युटरचं लहानसं दुकान आहे आणि गोडाऊनचे मालक असलेल्या शेठांच्या तिन्ही कंपन्यांचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी मी त्यांच्या गोडाऊनमध्ये जायची. गेलं की ते हमालाला ओरडायचे, "ए, बायला खुर्ची दे, पंख्याखालची!" पंखा एकच होता आणि त्याच्याखाली ते स्वतः बसायचे. मग उठून मला तिथे बसवायचे आणि आपण गाठीवर बसून घाम पुसत राहायचे.

त्यांच्या टेबलाखाली वेताची एक जुनी टोपली होती. हातातलं काम संपलं की ते चलन, ते पत्र त्या टोपलीत जायचं. महिना संपला की गठ्ठा सुतळीने बांधून माळ्यावर ठेवायचा. माळ्यावर वीस वर्षांचे गठ्ठे होते. शेठांनी कधी जुना कागद मागितला, तर काका शिडी लावून पाच मिनिटांत काढून देत. मी हे शंभर वेळा पाहिलं होतं. पाहिलं होतं, एवढंच. त्यातून काही समजून घ्यावं इतकं लक्ष मी कोणाकडे देत नव्हते.

शेठांच्या मेलचा तेव्हा फार त्रास चालला होता. ज्या होस्टिंगवर मेल होता, तिथून पाठवलेले मेल पार्ट्यांच्या स्पॅममध्ये जायचे आणि आलेले कधी कधी यायचेच नाहीत. म्हणून सगळे मेल दुसऱ्या कंपनीच्या होस्टिंगवर हलवायचं ठरलं. डोमेन तेच, पत्ते तेच, फक्त टपाल ठेवायची जागा बदलायची. तुम्ही घर बदललं असेल तर हेही काम समजेल. नवीन जागा तयार करायची, सामान तिकडे न्यायचं, पोस्टमनला नवा पत्ता सांगायचा आणि काही दिवसांनी जुन्या जागेची चावी परत द्यायची.

काम सुरू करताना काकांनी विचारलं, "बाय, सगलं येईल ना तिकडं?"

"सगळं येईल, काका."

प्रत्येकाचे फोल्डर पडद्यावर दिसत होते. मी इनबॉक्सवर खूण केली, सेंटवर केली. स्पॅम आणि डिलीट केलेले मेल जिथे पडतात तो ट्रॅश सोडून दिले. सगळेच सोडतात. काकांच्या ट्रॅशमध्ये मेलचा ढीग होता. किती वर्षांत रिकामा केला नाही, असं मनात आलं आणि मी पुढे गेले. काम झाल्यावर बिलाबरोबर एक पत्रही दिलं: सर्व मेल सुरक्षितपणे हलवले आहेत. खाली सही, शिक्का.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी दुसऱ्या एका ऑफिसात होते.

"बाय, माझी टोपली रिकामी हाय."

मला हसूच आलं. "अहो काका, नव्या घरात जाताना कचरा कोण घेऊन जातं?"

तिकडून ते थोडं हसले. मग म्हणाले, "व्हय, ते पण हाय. बरं बरं." आणि फोन ठेवला.

जुनं होस्टिंग अजून बारा दिवस चालू होतं. ट्रॅशवर एक खूण करून हलवणं पुन्हा सुरू केलं असतं, तर तासाभरात सगळं आलं असतं. पण हा माणूस ट्रॅशलाच कपाट समजतो, आलेलं-गेलेलं प्रत्येक पत्र काम झाल्यावर तिथे नीट ठेवतो, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. आणि मी कचरा म्हटल्यावर त्यांना आपल्या अडाणीपणाची लाज वाटली. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. तेराव्या दिवशी मी जुनं खातं बंद केलं.

दोन महिन्यांनी गोडाऊनची मालाची लिफ्ट तुटली. गाठी घेऊन वर जाताना तार तुटून लिफ्ट खाली आली, आणि तिच्यातला हमाल जागच्या जागी गेला. बिहारकडचा होता, घरी तीन मुली. त्या जागेचे इन्चार्ज म्हणून गुन्हा काकांवर नोंदवला गेला. जामीन मिळाला, नोकरी गेली.

ते माझ्या दुकानात आले तेव्हा हातात पिशवी होती आणि चेहरा ओळखू येत नव्हता.

"लिफ्टची तार खराब झालीय म्हणून मी शेठला तीन मेल केले, बाय. शेठ म्हणतो एक पण आला न्हाय. माझ्या टोपलीत होते ना तिन्ही?"

होते. हलवाहलवीच्या आधीच पाठवलेले ते मेल सेंटमधून उचलून त्यांनी टोपलीत ठेवले होते. शेठांनी आपल्याकडचे न वाचताच डिलीट केले असणार, आणि ट्रॅश तर मी कोणाचाच हलवला नव्हता. मी त्यांच्यासमोरच जुन्या होस्टिंगला फोन लावला. खातं बंद झालं की साठवलेलं सगळं पुसतात, असं उत्तर मिळालं. मी ते त्यांना सांगितलं.

ते म्हणाले, "मेलवर मेल लिवत बसलो. लिवलं की आपलं काम झालं असं वाटलं. लिफ्टची चावी तर माझ्याच खिशात व्हती, बाय. टालं मारायचं व्हतं ना?"



याहून वाईट पुढेच आहे. शेठांच्या वकिलाने माझंच ते सही-शिक्क्याचं पत्र कोर्टात लावलं. त्याचं म्हणणं, सर्व मेल सुरक्षितपणे हलवले, आणि त्यात असा एकही मेल नाही, तेव्हा इन्चार्ज खोटं बोलतोय. काका पुन्हा आले. ट्रॅश हलवला नव्हता आणि त्यात त्यांचे मेल होते, एवढं मी लिहून द्यावं, अशी त्यांची विनंती होती. विनंतीच. माझ्यावर ते एकदाही चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"बघते, काका," मी म्हणाले.

शेठांचा फोन आधीच येऊन गेला होता. "आप तो घर की हो, इस झमेले में मत पड़ना." तीन कंपन्यांचं काम होतं. मी बघते म्हणाले आणि बघत राहिले. काका आणखी दोनदा आले. शेवटच्या खेपेला मी दुकानात असून मागच्या खोलीत जाऊन उभी राहिले. दुकानातल्या पोराशी बोलताना त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. "बाय आली की सांगा, मी येऊन गेलो."

नंतर ते आले नाहीत, आणि ते न येणं मला सहन होईना. शेवटी मी खरं काय ते लिहून काढलं. पत्र चुकीचं होतं, ट्रॅश मी सोडला, त्यात मोठा साठा होता, आणि तो आला नाही हे त्यांनी वेळेत सांगितलं होतं. कोर्टाच्या कारकुनाकडून पुढची तारीख विचारून घेतली आणि त्या दिवशी अकराच्या आत कोर्टात जाऊन उभी राहिले.

पुकारा झाला. शिपायाने त्यांचं पूर्ण नाव तीनदा घेतलं. मी जिन्याकडे बघत होते. तेवढ्यात त्यांचा वकील उठला आणि म्हणाला, "आरोपी मयत आहे, साहेब. दाखला हजर करतो."

बाहेर आल्यावर मी त्याच्यापुढे कागद धरला. त्याने उभ्या उभ्या वाचला.

"ताई, याचा आता उपयोग नाही. दहा दिवस झाले त्यांना जाऊन. मेलेल्या माणसावर केस चालत नाही."

"मग ते निर्दोष ठरतील?"

"नाही. नुसतं नाव वगळतात."

बाकावर त्यांची बायको बसली होती, मांडीवर दाखल्याचं पाकीट. वकिलाने तिला माझं नाव सांगितलं. ती उठून उभी राहिली आणि तिने माझे दोन्ही हात धरले.

"तुमीच का त्या कॉम्प्युटरवाल्या? रोज इचारायचे, बायचा फोन आला का म्हणून. शेवटच्या दिवशी पण इचारलं."