तुमच्या गावातले सैन्यात किती?

सैन्याने आम्हा गावपुढाऱ्यांना एक दिवस छावणी बघायला बोलावलेलं, तिथे भर सभेत मी खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर बसच्या आणि रणगाड्याच्या गोष्टी सांगत बसेन आणि नेमकं तेच राहून जाईल. माझी तशी खोड आहे.

मी चौथी शिकलेला. कोपरच्या पुढे खाडीच्या अंगाला आमचं गाव. बाप मिठागरात राबला, मी भात लावला, पुढे त्या शेतांवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या आणि लोक मला शेठ म्हणायला लागले. गावदेवीच्या समितीचा अध्यक्ष मीच. झेंडावंदन माझ्या हातून होतं आणि भाषणही माझंच. जवान तिकडे जागा आहे म्हणून आपण इकडे निवांत आहोत, हे मी इतक्या वेळा बोललोय की आता तोंडाला विचारावं लागत नाही. माझ्या घरातून मात्र कोणी गेलं नाही. धाकट्या पोराने एकदा भरतीचा विषय काढलेला, तेव्हा मीच म्हटलं, "जागा कोण सांभाळणार, तुझा जवान?"

तर त्या बोलावण्याचं पत्र आलं. सैन्य काय काम करतं, ते मंडळांच्या, सोसायट्यांच्या, गावांच्या पुढाऱ्यांनी जवळून बघावं आणि आपल्या लोकांत जाऊन सांगावं, असा बेत होता. सुनेने वाचून दाखवलं.

"बाबा, साधे बूट घालायला सांगितलंय. आणि फोन गेटवर जमा करायचा."

"मला कोण सांगणार बूट कुठले घालायचे?" म्हणून मी पांढरे घातले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, गळ्यात चेन. वर नौपाड्यातून एक चांगली शाल आणि नारळ घेतला. मोठ्या माणसाकडे जायचं तर आपल्याकडे असंच जातात. ठाण्याहून बस सुटली. कळवा, कल्याण, डोंबिवली, सगळीकडची मिळून चाळीसेक माणसं. माझ्या शेजारी कळव्याच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी बसलेल्या, निवृत्त शिक्षिका. शाल बघून म्हणाल्या, "अध्यक्ष, लग्नाला निघालात का?"

छावणीत मोठे साहेब स्वतः सामोरे आले. मी शाल उलगडली तसे हात जोडून म्हणाले, "काका, आज तुम्ही पाहुणे. सत्कार राहू दे." दिवसभर ती शाल आणि नारळ काखेत घेऊन हिंडलो. कुठे ठेवू म्हणून विचारायलाही लाज वाटत होती.

रणगाडा दाखवला. वर चढलो खरा, पण झाकणातून आत जाताना पोट अडकलं. खालून बाई ओरडल्या, "अध्यक्ष, श्वास सोडा, देशाचा प्रश्न आहे!" सगळे हसले, मीही हसलो. आत उतरलो आणि हसू गेलं. गुडघे हनुवटीला लागतील एवढी जागा, लोखंड तापलेलं, तेलाचा वास. मला पाच मिनिटांत घुसमटायला झालं. आतला जवान विशीचा असेल. तो बसायची जागा दाखवत होता, जशी आपण पाहुण्याला ओटी दाखवतो.

"कुठला रे तू?"

"सातारकडचा, बाबा."

"घरी कधी जाणार?"

"जत्रेला सुट्टी मागितलीय. मिळाली तर पालखीला खांदा देईन."

त्याने सहज सांगितलं. माझी मात्र नजर खाली गेली. आमच्या चाळीत एक भाडोत्री कुटुंब आहे, तेही साताऱ्याकडचं. बाप कंपनीतून निवृत्त. मुलगा सैन्यात. मागच्या वर्षी तो नेमका आमच्या जत्रेला सुट्टीवर आलेला. बापाने येऊन मला विचारलं, "शेठ, पोराची इच्छा आहे. देवीच्या पालखीला खांदा देऊ दे का? चार पावलं."

आमच्याकडे खांद्याचा मान मूळ गाववाल्या घरांचाच. कोणी कुठल्या वळणापर्यंत न्यायची, तेही ठरलेलं. मी सगळ्यांच्या देखत बोललो, "भाडोत्र्यांना खांदा नाही. तुमच्या गावाला जाऊन द्या." पोरगा मागेच उभा होता. "बरं शेठ," एवढंच म्हणाला. चपला आधीच काढून ठेवलेल्या त्याने. पालखी पुढे जाईपर्यंत तसाच तापलेल्या डांबरावर उभा राहिला. आमचे लोक खूश झाले, अध्यक्षाने रूढी राखली म्हणून. खोटं कशाला बोलू, मीही खूश झालेलो.

जेवणानंतर हॉलमध्ये बसवलं. मोठ्या साहेबांनी सीमा, बर्फ, पुरातली मदत, सगळं समजावलं. मग म्हणाले, "आता तुम्ही सांगा. तुमच्या गावातले, वस्तीतले सैन्यात किती?"

कल्याणच्या बाजूचा एक सरपंच उठला, "दोन." कोणी चार म्हणालं. कळव्याच्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "आमच्या सोसायटीत एकही नाही. कधी विचारच केला नाही, साहेब." बसल्या. मला त्यांची कीव आली. मग साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

मी उभा राहिलो. "आमच्या गावातून अकरा!"

टाळ्या पडल्या.

हा आकडा आला कुठून, ते सांगतो. आमच्या गावात अंगावर खाकी चढली की म्हातारी माणसं म्हणतात, मिल्ट्रीत लागला. मग तो रेल्वे पोलीस असो, होमगार्ड असो, आगीच्या बंबावरचा असो. लहानपणापासून आम्ही तशीच मोजदाद करतो. पण त्या दिवशी हे कारण मला लागू नाही. मी नुकताच त्या लोखंडातून बाहेर आलेलो. फरक मला कळत होता आणि तरी बोललो.

साहेबांचा चेहरा उजळला. "काका, मग आम्हीच तुमच्या गावात येतो. देवीसमोर त्या अकरा जणांच्या आईवडिलांचा सत्कार करू. तरुण मुलं बघतील. नावं आणि पलटणी आठवड्यात कळवा." एका तरुण अधिकाऱ्याने मला कागदावर नंबर लिहून दिला.

बसमध्ये बाई म्हणाल्या, "अकरा! मानलं तुम्हाला." मी खिडकीबाहेर बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी देवळात समिती बसली. माझा चुलतभाऊ हसून हसून खोकायला लागला. "दादूस, अकरा कुठशी आणलंस रं?"

"होमगार्ड धर, रेल्वेवाले धर."

"आनि मॉलच्या गेटावरचा माझा जावई? त्याला पन तोफ दे!"

सगळे खिदळले. मग तोच म्हणाला, "त्या चाळीतल्या भाडोत्र्याचा पोर घाल पयला. एक तरी खरा हाय."

म्हणून मी चाळीत गेलो. त्या पोराची आई दारात मेथी निवडत बसलेली, बाप आत पेपर वाचत होता.

"या शेठ. ओल आलेली भिंत बघायला आलात?"

"नाही. आनंदाची गोष्ट आहे. मिल्ट्रीवाले येतायत. तुमचा दोघांचा देवळात सत्कार. पोराचं पूर्ण नाव आणि पलटण सांगा."

बाप उठून बाहेर आला. तो खूश झालेला दिसला. बाईने मात्र मेथीची जुडी खाली ठेवली.

"कुठल्या गावचा म्हणून सत्कार?"

"आपल्याच."

"आपल्या म्हणजे कुणाच्या?"

"अगं, राहू दे की," बाप म्हणाला.

"राहू दे काय? शेठ, नाव देते. पण पुढं गाव आमचं लिहा, तिकडचं. इथं त्याचा खांदा चालत नाही, मग नाव कसं चालतं?"

मी चिडलो. या वयात मला चाळीतल्या बाईने विचारावं? म्हटलं, "मी काय मुद्दाम केलं? रूढी आहे गावाची."

"आहे ना? मग ठेवा की. यादीपुरती कशाला मोडता?" आणि पुन्हा मेथी उचलून म्हणाली, "पोरगं त्या दिवशी जेवलं नाही. मी विचारलं, तर म्हणतं, आई, पाय भाजलेत. पायाचं दुखणं मला कळत नाही व्हय?"

बापाने माझ्याकडे बघितलं नाही. चहा विचारला त्याने, तरीसुद्धा. मी नको म्हटलं.

चाळीतून निघालो तो देवळासमोर पारावर येऊन बसलो. आतापर्यंत कोणी मला उलट बोललं की मी दुप्पट बोलायचो. त्या दिवशी तसाच निघून आलेलो. अकरा जणांची यादी करायला माणसं देवळात तयार बसलेली, होमगार्डचा गणवेश कोण ओळखतोय, म्हणत होती. चाललंही असतं कदाचित. पण साहेब देवीसमोर त्या बाईला शाल घालणार, गावचा सुपुत्र म्हणणार, आणि मी शेजारी उभा राहून टाळ्या वाजवणार, हे डोळ्यापुढे आलं आणि माझी मान वर होईना.

कागदावरचा नंबर लावला. तरुण अधिकाऱ्याने उचलला.

"साहेब, मी तो पांढऱ्या बुटांचा. अकरा नाहीत."

"मग किती, काका?"

"आमचा एकही नाही. एक राहतो आमच्या गावात. पण त्याला आम्ही आमचा म्हटला नाही. मीच नाही म्हटलेलं, सगळ्यांच्या देखत."

ओरडेल म्हणून मी वाट बघत होतो. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"काका, हे मी मोठ्या साहेबांना सांगणं बरोबर दिसणार नाही. तुम्हीच सांगा. थांबा, जोडून देतो."

मी फोन कानाला लावून उभा राहिलो. समितीची माणसं पायरीवरून माझ्याकडे बघत होती. चुलतभावाने हातानेच विचारलं, काय झालं? मग फोनमध्ये मोठ्या साहेबांचा मोकळा, आनंदी आवाज आला.

"बोला काका! झाली यादी?"

"यादी नाही, साहेब," मी म्हटलं. पायरीवरच्यांना ऐकू जावं म्हणून आवाज चढवला आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.