आमच्या आडनावाची नावाजलेली माणसं

आमच्या आडनावाच्या लोकांचा मेळावा ठरला आणि त्याच्या स्मरणिकेसाठी नावाजलेल्या माणसांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. अटी मी वहीत लिहून घेतल्या: आडनाव तेच हवं आणि माणसाचं नाव झालेलं हवं. आठवड्यात तेवीस जण मिळाले. एक न्यायाधीश, एक पैलवान, कांद्याचं नवं बियाणं काढणारा एक शेतकरी, आणि नाशिक रोडला आमच्याच कॉलनीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. बाईंना राज्य पुरस्कार मिळालेला. त्यांच्याकडून फोटोही मी घेऊन आले होते.

रविवारी लासलगावहून माझे चुलत सासरे आले. मेळाव्याचे अध्यक्ष तेच. त्यांनी आधी एक नाव वाढवलं, टीव्हीवरच्या मालिकेतल्या आमच्याच आडनावाच्या इन्स्पेक्टरचं. तो खरा नाही, काम करणाऱ्या नटाचं आडनावही वेगळं आहे, असं मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, गावात पोरासोरांना तोच ठाऊक हाय.

मग बाईंच्या नावावर त्यांचं बोट थांबलं.

"सूनबाई, ह्या आपल्यातल्या नाय."

"आडनाव तर तेच आहे, काका."

"आडनाव हाय गं. पण ते बौद्ध लोक. आपलं कूळ येगळं."

आवाज चढला नव्हता. बेरजेतली चूक दाखवावी तसं ते बोलत होते. मी वहीत कुळाचा रकाना आखला. न्यायाधीशांचं कूळ काकांना माहीत नव्हतं. पैलवानाचं, "आपलंच असंल." इन्स्पेक्टरला कूळ कुठून असणार? आणि मी तर या आडनावात लग्न करून आलेली. सगळ्यांना लागू पडेल असा एकही नियम मला सापडेना.

शेवटी मी म्हटलं, "बाई राहतील. नाहीतर यादी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

काकांनी चहा संपवला. "राहू दे. इन्स्पेक्टरबी राहू दे."

यादी छापायला गेली. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. मेळावा किती वाजता, आणि लेक, जावई, नात आले तर चालेल का, असं त्या विचारत होत्या. यादीत नाव राहिलं, पण बाईंच्या निमंत्रणाचं आमच्यात कुणीच काही बोललं नव्हतं. मी म्हटलं, दहा वाजता, सगळे या. मग जेवणाच्या यादीत चार पानं वाढवली. कुणाला विचारून, ते मला अजून सांगता येत नाही.