आंबा अमेरिकेला गेला तेव्हा

माझा मुलगा अमेरिकेला गेल्यापासून दर मे महिन्यात पंधरा दिवस घरी यायचा, आणि कशाला आलास असं कुणी विचारलं तर 'हापूस खायला' म्हणायचा. शेजाऱ्यांना त्याची गंमत वाटे. मला वाटत नसे, कारण ते खरंच होतं. तिकडे हापूस मिळत नसे. आपल्या आंब्याच्या कोयीत भुंगा असतो, तो त्यांच्या बागांत शिरेल या धास्तीने त्यांनी आपला आंबा वर्षानुवर्षं बंद ठेवला होता. एकदा त्याने बॅगेत कपड्यांखाली चार आंबे लपवून नेले. तिकडच्या विमानतळावर कुत्र्याने वास काढला आणि आंबे कचऱ्यात गेले. म्हणजे खायचा तर इथेच येऊन, खांदा कॉलनीतल्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात.

नवरा गेल्यापासून त्या घरात मी एकटीच. वर्षाचे अकरा महिने कसे जात हे मी कुणाला सांगत बसत नसे. विचारणाऱ्याला 'मजेत' म्हणायचं, हा माझा खाक्या. एप्रिल लागला की मात्र मी माणसात येई. मागच्या खोलीत, मुलगा आला की झोपायचा तिथेच, अढी घालायची असे, म्हणजे कच्चे आंबे पेंढ्यात पिकत ठेवायचे. आंबे बाजारातून मी आणायची, पेंढा आणायची आमची कोळीण. उरणच्या खाडीकाठाहून ती दारावर मासळी घेऊन येई. तिच्या भावाची भातशेती होती, तिथला पेंढा ती पाटीबरोबर काखेत मारून जिना चढायची.

"ताय, पेंढा आनलाय. पोर कंदी येतंय?" हे तिचं ठरलेलं.

अढी घातली की रविवारी सकाळी मुलाला फोन. "अढी घातली आहे. पंधरा तारखेपर्यंत पिकतील." एवढंच मी बोलायची. तो तिकिटाची तारीख सांगायचा. आमच्या घरात 'ये' असं कुणी कुणाला म्हणत नाही. माझी आईसुद्धा मला कधी 'ये' म्हणाली नाही, 'फणस उतरवलाय' असं कळवायची. ज्याने समजायचं तो समजायचा.

आता यातली गोम अशी, की मी नोकरीला होते ती शेतमालाच्या कीड तपासणीत. वाशीला, जिथून फळं परदेशी जातात त्या पॅकहाऊसवर. आंबा अमेरिकेत जावा म्हणून आमचे साहेब लोक कित्येक वर्षं पत्रं लिहीत होते. तिकडून उत्तर यायचं, आपल्या विनंतीचा विचार चालू आहे. मग आमचं पत्र, मग त्यांचे प्रश्न, मग कोयींचे अहवाल. ते अहवाल तयार करण्यासाठी मी किती हजार कोयी फोडल्या असतील, देव जाणे. हाताला चिकाचे डाग पडायचे ते पावसाळ्यापर्यंत जात नसत.

आणि एक दिवस करार झाला. त्यांच्या जाडजूड मोटारसायकली इकडे येणार, आपला आंबा तिकडे जाणार. पेपरात मोठ्या लोकांचे आंबा हातात धरलेले फोटो आले. कोयी फोडणाऱ्यांचे फोटो कोण काढतो? पण मी खूश होते. ऑफिसात पेढे वाटले, त्यातले दोन मी कोळणीला दिले आणि करार समजावून सांगितला.

"आंबं देऊन फटफट्या घेतल्या?" ती म्हणाली. "फटफटी खावाला येतं काय?"

पहिल्या हंगामात त्यांचा एक निरीक्षक आला. आंबा आमच्याकडे निवडायचा, गरम पाण्यातून काढायचा, डब्यात भरायचा, तिथून ट्रकने लासलगावला न्यायचा, तिथे किरणं देऊन भुंग्याचा बंदोबस्त करायचा आणि मग विमानात चढवायचा. प्रत्येक पायरीवर हा गृहस्थ हजर. उंच, घामाघूम, शांत माणूस. नमुन्याचे आंबे आम्ही दोघं कापायचो. कापलेला आंबा खायचा नाही, नष्ट करायचा, असा नियम. इतका पिवळाधमक गर पिशवीत टाकताना माझा जीव तुटायचा, आणि तो ओशाळून दुसरीकडे बघायचा.

दुपारी सगळे घोळक्याने जेवायला बसत. आम्ही दोघं टेबलाच्या टोकाला. त्याच्याशी बोलायला कुणाची इंग्रजी धजत नसे, आणि माझ्याशी बोलायला, माझा तापट स्वभाव माहीत असल्याने, एरवीही कुणी धजत नसे. तो म्हणाला, गेली बरीच वर्षं मी हंगामाच्या मागे फिरतोय, कुठे द्राक्षं, कुठे आंबे. घरचा उन्हाळा विसरलो. मग मीही बोलून गेले, की माझा मुलगा तुमच्याकडेच असतो, आंब्यासाठी दर मेमध्ये येतो. एवढं मी शेजारणीलाही कधी सांगितलं नव्हतं.

त्याने हातातली सुरी खाली ठेवली आणि हसत म्हणाला, "मग तुम्ही हे डबे कशाला पाठवताय? आंबा तिकडे मिळाला तर तो इकडे कशाला येईल?"

मी पण हसले. चेष्टाच होती ती.

त्या वर्षी मी अढी घातली, फोन केला. मुलगा उत्साहात होता. "आई, अगं इथल्या इंडियन दुकानात आलाय हापूस. कालच डबा आणला." मी त्याला डब्यावरचा नंबर वाचायला लावला. आमच्याच पॅकहाऊसचा होता. माझी तपासणी झालेल्या मालातला.

"वास कसा आहे?" मी विचारलं.

"वास नाही गं तेवढा. पण चालतं." आणि मग म्हणाला, "महाग आहे, पण विमानाच्या तिकिटापेक्षा स्वस्तच."

वास नाही म्हटल्यावर मला बरं वाटलं, हे लपवत नाही. पण 'चालतं' म्हणाला ते फार लागलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे? रजेचं त्याने काही काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

अढीतले आंबे एकदम पिकले. घरभर दरवळ. शेजारी दिले, कोळणीला दिले, ऑफिसात नेले, तरी उरले. मी ओट्याशी उभी राहून खात होते, पुढ्यात कुणी नसलं की ताट घ्यावंसं वाटत नाही. त्या मे महिन्यात मला पहिल्यांदा कळलं, की तो महिनाही इतर अकरा महिन्यांइतकाच लांब असतो.

पुढच्या वर्षी मुलगा ख्रिसमसला येतो म्हणाला, आणि जमलं नाही. निरीक्षकही बदलून दुसरा आला, कमी बोलणारा. मी टेबलाच्या टोकाला एकटीच बसू लागले.

त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये मी कोळणीला सांगितलं, यंदा पेंढा नको.

ती पाटी उतरवून जिन्यातच बसली. "पोर येत नाय?"

"त्याला आंबा तिकडेच मिळतो आता."

"त्याला मिलतो. तुला नको?" असं म्हणून ती पापलेटं निवडायला लागली. दुसऱ्या खेपेला पेंढा घेऊन आली. मी रागावले, तिने ऐकून घेतलं आणि पेंढा मागच्या खोलीत टाकून गेली. मी निमूटपणे अढी घातली.

रविवारी सकाळी फोन केला. सवयीने म्हणाले, "अढी घातली आहे."

"अगं आई, इथे मिळतात आता. तू कशाला एवढा त्रास घेतेस?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी आंब्याबद्दल बोलत होते, तो आंब्याबद्दल बोलला. फोन हातात धरून मी पेंढ्याकडे बघत उभी राहिले, आणि आमच्या घरात जे कुणी म्हणत नाही ते म्हणाले. "आंबे राहू दे. मला एकटीला करमत नाही. तू ये."

 तो हळूच म्हणाला, "बघतो, आई. विचार करतो."

हे उत्तर मी फायलींमध्ये खूप वाचलं होतं. मी म्हटलं, "बाळा, 'विचार चालू आहे' म्हणत म्हणत आंब्याला सतरा-अठरा वर्षं लागली. माझ्याकडे तेवढी नाहीत."

तो हसला नाही. त्याने विचारलं, "मागच्या खोलीतला पंखा चालतो ना गं अजून?"

"चालतो," मी म्हटलं. खरं म्हणजे जवळजवळ तीन वर्षांत मी तो लावलाच नव्हता. फोन ठेवून मागच्या खोलीत गेले आणि बटण दाबलं. पंखा आधी कुरकुरला, मग फिरायला लागला, आणि पेंढ्याच्या काड्या खोलीभर उडाल्या.