साहेबाची गाडी

स्मृती नगरात जुन्या गाड्या विकणाऱ्या त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही. त्याच्यावरचा राग मात्र अजून गेलेला नाही.

बाबांना दर आठवड्याला रायपूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्यासाठी वाटेत बंद न पडणारी, आम्हाला परवडणारी गाडी हवी होती. मी बाबांना घेऊन गेलो, तेव्हा त्या विक्रेत्यानं एका गाडीचं बॉनेट खिशातल्या रुमालानं असं पुसलं, जणू देव पुसतोय.

"प्लांटच्या मोठ्या साहेबाची हाय, काका."

मग कमरेत वाकून त्यानं मागचं दार उघडलं. त्याच प्लांटमध्ये, म्हणजे गावच्या कारखान्यात, जन्मभर कारकुनी केलेले बाबा ऐटीत आत बसले.

मी सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढला. एरवी आत गुंडाळून राहणाऱ्या पट्ट्यावर वाळलेला चिखल होता.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, तुमच्या पोराले साहेबाच्या गाडीतही खोटच दिसून राहिली!"

मी ओरडलो, "बाबा, उतरा! पुरात बुडालेली गाडी हाय. हायवेवर बंद पडली तं तुमाले घेऊन कुठं जाऊ?"

बाबा सीटला आणखी रेलले.

"बुडाली असन. पण साहेबाचीच बुडाली ना?"